पत्रा मागं येतो

भोसरीत आमचा पत्रा वाकवायचा धंदा.
नव्वदचा कोन हवा असेल
तर अठ्ठ्याऐंशीला वाकवायचा,
कारण दाब सुटला की पत्रा मागं येतो.
किती मागं येतो ते सेटिंगच्या कागदावर असतं.
कागदाखाली सही माझी.

मंगळवारी सिद्राम बनसुडे केबिनच्या दारात आला.
हातमोजा काढून, आत न येताच म्हणाला,
"मॅडम, ही कॉइल वेगळीय. जास्त मागं येती.
शहाऐंशीला घेऊ का?"
मी फोनवर होते, चाकणला तारीख देत होते.
"कागदावर काय आहे?"
"अठ्ठ्याऐंशी."
"मग?"
गेला.
बावीस वर्षं मशीनपाशी उभा राहिलेला माणूस
माझ्या एका 'मग'वर परत गेला.

शुक्रवारी चारशे ब्रॅकेट टेम्पोतून परत आले,
प्रत्येकाला लाल चिठ्ठी,
लग्नातून न जेवता परतलेल्या वऱ्हाडासारखे.
मी एकेक उचलून कोन मोजत राहिले.
ब्याण्णव. ब्याण्णव. साडेएक्क्याण्णव. ब्याण्णव.
सिद्राम शेजारी उभा.
बोलला असता तर बरं झालं असतं.

लांडेवाडीच्या सिग्नलला गाडीतच मेल लिहिला,
की चूक कॉइलवाल्याची,
सर्टिफिकेट एक आणि माल दुसराच.
यातला शब्दही खोटा नव्हता.
सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले,
आणि मी ते सगळं पुसत बसले होते.

शनिवारी चहाच्या किटलीपाशी सगळ्यांना थांबवलं.
"सिद्रामनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."
आठ शब्दसुद्धा नाहीत,
पण घशातून जाताना करकरले.
लोक आपापल्या कपात बघायला लागले.
आयटीआयची नवी पोरगी, रेश्मा तांबोळी,
तिला अजून गप्प बसायची सवय लागलेली नाही,
ती म्हणाली, "मग कागद कशाला लागतो?"
मला उत्तर आलं नाही.
आता त्या रकान्यात आकडा पेन्सिलनं असतो
आणि पहिले तीन नग मोजून तो ठरतो.
सही पेननंच.

म्हणून सगळंच वाकतं असं नाही.
परवा नाइटचा गंगाधर काळोखे विचारत होता,
हाताचा सेन्सर बंद ठेवू का,
पाळीला साठ नग जास्त निघतील.
नाही म्हटलं.
"आता तर ऐकता ना तुम्ही?" हसत होता.
ऐकलं. पूर्ण ऐकलं, बसवून ऐकलं.
तरी नाही.
त्याच्या उजव्या हाताला पाच बोटं आहेत,
ती घरी मोजून जावीत.

आणि तरी, सोमवारी,
डिस्पॅचच्या माणसानं काहीतरी विचारलं
आणि माझ्या तोंडून गेलंच, "कागदावर काय आहे?"
दोन दिवसांत.
दाब सुटला होता ना.
तेव्हापासून हवं त्यापेक्षा थोडं जास्तच विचारते,
अगदी वेडेपणा वाटेल इतकं.
स्टोअरच्या पोराला, वॉचमनला,
ज्याला दोनदा विचारायची गरज नाही त्यालाही.
मागं काय म्हणतात ते माहीत आहे.
म्हणू देत. रात्रीत थोडी परत सरळ होतेच मी,
सकाळी उरते ती कामापुरती.

काल पुन्हा सिद्राम दारात.
"मॅडम, एक सांगू का?"
चाकणचा फोन वाजत होता. मी पालथा ठेवला.
"मग?" म्हटलं,
आणि खुर्ची पुढं सरकवली.

तो बसला नाही.
पँटला तेल आहे म्हणाला.
उभ्यानंच सांगितलं,
आणि या वेळी चूक त्याची निघाली,
हे आम्हाला दोघांनाही
तिसऱ्या नगाला कळलं.